बॉल तिकडे, पंप इकडे

मित्रांनो, फुटबॉलवर तुम्ही सगळेच निबंध लिहिता. त्यात हवा कोण भरतो, यावर कोणी दोन ओळीसुद्धा लिहीत नाही! म्हणून आज मीच बोलतो. मी खापरखेड्याचा एक जुना पंप आहे. पाण्याचा नव्हे हं, हवेचा. निळी नळी, लाकडी मूठ, टोकाला बारीक सुई आणि पोटात कातड्याची एक चकती. ती चकती म्हणजे माझा जीव.

मला आणि एका फुटबॉलला गणपतरावांनी एकाच पिशवीतून आणलं. ते वीज केंद्रातून रिटायर झाले होते. इथे एक कामगारांची कॉलनी आणि भिंतीपलीकडे वस्ती. दोन्हीकडची पोरं एकमेकांवर दगड फेकायची. गणपतरावांनी बॉल ठेवला वस्तीत, कामिनी नावाच्या पोरीच्या घरी. आणि मला ठेवलं कॉलनीत, तिच्याच वयाच्या उन्नतीच्या घरी.

"आजोबा, असं काहून?" उन्नतीने विचारलं.

"ह्या बॉलची हवा रोज निघून जाते. बॉल तिच्याजवळ, पंप तुझ्याजवळ. आता भांडून दाखवा!"

तीन वर्षं मी रोज पाच वाजता मैदानावर गेलो. प्रत्येक टीममध्ये दोन्हीकडची पोरं. मी दिसलो की पोरं ओरडायची, "पंप आला बे!" तेव्हा मला फार मोठं झाल्यासारखं वाटायचं.

मग गणपतराव मुलीकडे नरखेडला राहायला गेले. आणि जानेवारीत एक दिवस उन्नतीचं कोपर कामिनीच्या तोंडावर बसलं. समोरचा दात अर्धा तुटला. मुद्दाम नव्हतं, पण उन्नती घाबरून घरी पळाली. सॉरीसुद्धा म्हणाली नाही. मग मोठी माणसं आली. "तुमच्या पोरी", "तुमची वस्ती" सुरू झालं. झाला खेळ बंद.

मला आलमारीवर ठेवलं. कॉलनीने ऑनलाइन नवा बॉल मागवला. त्याची हवा जात नव्हती, त्यामुळे त्याला माझी गरजच नव्हती. खिडकीतून त्याचा आवाज यायचा. पहिल्यांदा वाईट वाटलं. मग तेही वाटेना. फेब्रुवारी गेला, मार्च गेला. धूळ बसली, काही वाटलं नाही. एप्रिलच्या उन्हात आलमारीचा पत्रा तापला, तरी काही वाटलं नाही.

एका दुपारी उन्नतीने मला खाली काढलं. तिचा धाकटा भाऊ मोहित म्हणाला, "ताई, मार खाशील तिकडे."

"खाईन. तुले काय?"

कामिनीच्या दारात तिची आई, भागीरथाकाकू, तांदूळ निवडत होत्या. त्यांनी वरही पाहिलं नाही.

"आता काहून आली वं? दुसरा दात पाडाले?"

उन्नतीने मला पुढे केलं. "नाही काकू. बॉलमध्ये हवा भराले आली."

आतून ऐकत असलेल्या कामिनीने खाटेखालून बॉल काढून आणला. पार चेपलेला. उन्नतीने सुई लावली आणि मूठ दाबू लागली. वर, खाली, वर, खाली. हवा येईचना! माझी चकती वाळून कडक झाली होती. उन्नतीच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं, तरी ती दाबतच राहिली.

"थांब वं, मोडशील त्याले," कामिनी म्हणाली. तीन महिन्यांनंतरचं पहिलं वाक्य! तिने माझं झाकण फिरवलं, दांडा बाहेर ओढला आणि चकतीवर बोटाने खोबरेल तेल चोळलं.

"दात दुखते का गं?" उन्नतीने हळूच विचारलं.

"नाही. डॉक्टरनं नस काढली. काहीच समजत नाही आता."

"माझं चुकलं. मी तेव्हाच तुझ्या घरी याले पाहिजे होतं."

"हो, पाहिजेच होतं," कामिनी म्हणाली आणि तिने स्वतः मूठ दाबली. हवा बॉलमध्ये गेली. पहिल्यांदा मला ती कळलीसुद्धा नाही. बॉल गोल होताना दिसला, तेव्हा समजलं की ही माझीच हवा.

मित्रांनो, तुमच्याही घरी आलमारीवर माझ्यासारखं कोणी असेल. त्याला तेलाचं बोट लावा. आणि कोणाच्या दारात जायचं राहिलं असेल, तर तीन महिने लावू नका. तेवढ्यात आतलं सगळं वाळतं.

जाताना उन्नतीने मला उचललं, तर कामिनीने माझी मूठ धरली.

"हा राहू दे इथं. तू बॉल घेऊन जाय."

"मग उद्या हवा?"

"हवा भराची असन, तर येशील ना घरी," कामिनी म्हणाली आणि अर्ध्या दाताने हसली.