तपकिरी बोटं

कापसाचा बोळा आधी निळा झाला, मग तपकिरी. तिचा हात थांबला. शाई निघत होती हे खरं, पण तिच्यासोबत चामड्याचा रंगही निघून येत होता. शाईच्या बोटभर डागाच्या जागी आता बशीएवढा फिकट चट्टा उमटला होता.

पर्स नणंदेची. पहिल्या पगारातून घेतलेली, अजून जिवापाड जपलेली. मुलाखतीला जाताना तिनंच आपणहून दिली होती. कापडी पिशवी घेऊन नोकरी मागायला जाऊ नकोस, म्हणाली होती. तिथं फॉर्म भरून झाल्यावर घाईघाईत उघडं पेन बाहेरच्या कप्प्यात सरकवलं गेलं. घरी येईपर्यंत शाई आरपार झिरपली होती.

एरवी मनगटावर थेंब टाकून पाहिल्याशिवाय लेकीला दूध न देणारी ती. पण नखांचा रंग काढायचं औषध आधी आतल्या कोपऱ्यात लावून पाहावं, एवढंही तिला सुचलं नाही. मग बुटाचं पॉलिश चोळलं. चट्टा लालसर झाला आणि जास्तच नजरेत भरू लागला.

तेवढ्यात बेल वाजली. नणंद चपला काढताकाढताच मुलाखतीचं विचारत आत आली. बरी झाली, एवढंच ती बोलली आणि पर्स पुढे केली. नणंदेनं ती उजेडात धरली. जमिनीवर ठोकळे रचत बसलेल्या आपल्या चार वर्षांच्या लेकीकडे भावजयीची नजर गेली, आणि शब्द आपसूक बाहेर पडले.

"हिनं पेन फिरवलं, ताई. मी पुसायला गेले, तर हे असं झालं."

लेकीनं मान वर केली. आधी आईकडे पाहिलं, मग पर्सकडे. हातातला ठोकळा तिनं हळूच खाली ठेवला.

"सॉरी, आत्या."

"काय हे ठकूताई, शाईचा कारखाना काढलात की काय?" नणंद हसली आणि तिनं भाचीचा गालगुच्चा घेतला. हसता हसता तिची नजर भावजयीच्या तपकिरी बोटांवर टेकली आणि तशीच बाजूला झाली. चहा नको म्हणाली, उशीर होतोय म्हणाली. फिकट बाजू अंगाकडे वळवून तिनं पर्स खांद्याला लावली आणि ती जिना उतरू लागली.

दार लावायला आईचा हात उठला, तोच मागून पदर ओढला गेला.

"आई, मी कधी केलं?"

लेक आपले दोन्ही तळहात उलटेसुलटे करून पाहत होती. स्वच्छ होते.

"झोपेत केलं का गं मी?"

आई तशीच अनवाणी जिन्याच्या तोंडाशी धावली. नणंद अर्धा जिना उतरून गेली होती.

"ताई, थांबा ना. ते पेन..."

नणंद थांबली, पण वळली नाही.

"मला काय सांगतेस? तिला सांग."

पावलं खाली गेली. फाटक वाजलं. लेक मागोमाग येऊन उंबऱ्यात उभी होती, हात अजून पुढेच धरलेले. ती वरच्याच पायरीवर बसली, लेकीच्या उंचीला आली, आणि आपली तपकिरी बोटं तिनं त्या हातांशेजारी ठेवली.