टकलाचं पॅकेज

"डॉक्टर, हे स्टेम सेलचं इंजेक्शन तुमच्या टकलाला दिलं तर केस येतील का?"

मंगल कार्यालयात भरलेल्या त्या शिबिरातल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मागच्या रांगेत माझ्या मैत्रिणी फाल्गुनी आणि रुपानं तोंडात ओढण्या कोंबल्या. हे विचारायची पैज त्यांचीच होती, शाळा बुडवून त्या खास माझी फजिती बघायला आल्या होत्या. मला ते इंजेक्शन टोचून घ्यायला घेऊन आलेले माझे वडील, आबा, तर असे दुसरीकडे बघायला लागले, जणू मी शेजाऱ्याची पोरगी.

सुरतेहून आलेले डॉक्टर मात्र खूश. "आएंगे ना, बेटा! उसका भी पॅकेज है."

"मग तुम्ही का नाही घेतलं?"

असा हशा पिकला की डॉक्टरांनी घाईघाईनं पुढच्या पेशंटला हाक मारली. आमचा नंबर आपोआप हुकला.

दिवाळीआधी चारा कापायच्या मशीनमध्ये माझ्या कोपराजवळची नस तुटली. जखम भरली, पण हात वाळत चाललाय. अंगठ्याशेजारी खड्डा, करंगळी वाकडी. धुळ्याच्या सर्जननी बजावलं होतं, नस लवकर जोडा, स्नायू पार वाळला की मग जोडून उपयोग नाही. आणि स्टेम सेलचे अजून प्रयोगच चाललेत. पण ऑपरेशनचा व्रण राहतो, आणि व्रण म्हणे सोयरिकीत आडवा येतो. वाळका हात बहुतेक येत नसावा! सुईचा डाग दिसत नाही, म्हणून सुई.

त्यात आबांची केळी टिश्यू कल्चरची. रनाळ्याला घरी पोचताच त्यांनी तेच लावलं. "एवढीशी पेशी बाटलीमा वाढस, आन तिनापाईन अख्खी बाग उभी ऱ्हास! मंग तुन्हा एवढासा खड्डा नही भरी का?"

"आबा, ठिबकनी नळी तुटनी तं तुम्ही काय करतस? नवं रोप लावतस का नळी जोडतस?"

"नळीच जोडतस ना," आबा झटकन बोलून गेले. मग त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. वाकडी करंगळी अलगद सरळ करून पाहिली.

माय चुलीपुढून म्हणाली, "आन डाग? तुले करी कोन?"

"जो मन्हा कोपर देखीसन पळी, तो पळू दे ना माय. पोऱ्या शे का कोंबडी?"

आबांना हसू आलं, ते त्यांनी खोकल्यात दडवलं. माय काही हसली नाही. मग मीच उठून उभी राहिले.

"सोमवारे मी धुळे जासू. नस जोडानी शे. संगे कोन येस, तेवढं तुम्ही दोन्ही ठरावा."