उत्पलाच्या दप्तरातला फवारा

मी एक फवारा बोलतोय. अत्तराचा नव्हे, नाकात मारायच्या औषधाचा. बोटभर उंची, डोक्यावर पांढरी टोपी, पोटात काही वेळा पुरेल एवढं औषध. लहान मुलाला फीट आली आणि पाच मिनिटं झाली तरी थांबली नाही, की माझं काम सुरू होतं. एरवी मी नुसता घाबरत बसतो.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. आठवतं ते गाझियाबादमधलं औषधांचं दुकान आणि मला उचलणारा हात. तो हात क्रांतीचा. ती आणि तिचा नवरा विनय मूळचे चंद्रपूरकडचे. विनयची दिल्लीत सरकारी नोकरी, म्हणून संसार इथं. मुलगी एकच, उत्पला. सात वर्षांची, दुसरीत शिकणारी.

मी घरात येण्याच्या आधीच्या आठवड्यात काय घडलं, ते क्रांती फोनवर तिच्या आईला सांगत होती, तेव्हा मी ऐकलं. तिघं करोल बागेत स्वेटर घ्यायला गेली होती. दुकानातच उत्पलाचे डोळे वर गेले, अंग ताठ झालं आणि हातपाय झटके देऊ लागले. गर्दी जमली. कुणी नाकाला चप्पल लावली, कुणी दातांत चमचा खुपसला. झटके आपोआप थांबले, पण चमच्यानं दाताचा तुकडा पडला.

डॉक्टरीणबाईंनी अपस्मार असल्याचं सांगितलं. रोजच्या गोळ्या चुकवायच्या नाहीत. फीट आली तर कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, घड्याळ बघायचं. पाच मिनिटांच्या वर गेली, तर मी, आणि लगेच दवाखाना.

त्या दिवसापासून घराचे कान मोठे झाले. स्वयंपाकघरात पातेलं पडलं तरी विनय धावायचा. बाथरूमला आतून कडी लावायची नाही, असं ठरलं. उत्पला टीव्ही बघताना जरा गप्प झाली, की क्रांती हाक मारायची, "उत्पू?" आणि "काय आई?" ऐकू आलं की मगच तिचा श्वास सुटायचा.

"शाळेत सांगायचं नाही," विनय एकदा म्हणाला. "बिल्कुल नाही. शाळेतून नाव कमी करतील तिचं."

"आणि तिथंच आली तर?"

"गोळ्या चालू आहेत ना? नाही येणार." हे बोलताना त्यानं क्रांतीकडे पाहिलं नाही.

क्रांतीनं त्याच्या नकळत मला दप्तराच्या पुढच्या कप्प्यात, रुमालाखाली ठेवलं. उत्पलाला बजावलं, "हे कुणाला दाखवायचं नाही हं."

उत्पलानं रुमाल उचलून मला पाहिलं. मग म्हणाली, "आई, मी खराब झालेय का?"

क्रांतीनं तिला जवळ ओढलं.

पुढं सव्वा महिन्यानं, ममता मॅडमच्या गणिताच्या तासाला, बाक धाडकन सरकला. कुणीतरी किंचाळलं, "मॅडम, उत्पला मर गई!"

"हटो, सब हटो!" मॅडमचा आवाज फाटला होता. बाकाच्या लोखंडी पायावर उत्पलाचा बूट टकटक आपटत होता. माझ्यापासून हातभरावर. कुणी म्हणालं पाणी पाजा, कुणी म्हणालं हातात किल्ली द्या. औषध माझ्या पोटात होतं आणि मी इथं आहे हे त्या खोलीत कुणालाच ठाऊक नव्हतं. मला ओरडताही येत नव्हतं. बूट आपटतच होता.

मॅडमनी उत्पलाच्या घरी फोन लावला, स्पीकरवर. मग क्रांतीचा आवाज आला, "मुँह में कुछ मत डालना! करवट पर लिटाइए. बैग की आगे वाली जेब, रूमाल के नीचे स्प्रे है. कितना टाइम हुआ?"

"पता नहीं जी... छह मिनट? सात?"

चेन उघडली. मॅडमची बोटं बर्फासारखी होती.

"मुझसे नहीं होगा."

"होगा मॅडम. मैं बोलती जाती हूँ, आप करते जाओ."

आधी एक नाकपुडी, मग दुसरी. क्रांती मोजत होती, मॅडम दाबत होत्या. मी होतं तेवढं बळ लावलं. काहीच झालं नाही. बूट तसाच आपटत राहिला. आपण उशिरा पोचलो, असं मला वाटलं. मग दोन ठोक्यांमधलं अंतर वाढलं. मग आणखी वाढलं. मग बूट थांबला आणि उत्पलानं मोठा, घरघरता श्वास घेतला.

दवाखान्यात मॅडम शेवटपर्यंत बसून होत्या, ओढणीवर उत्पलाची लाळ तशीच. विनय धापा टाकत आला. मॅडमनी शांतपणे विचारलं, "आपने बताया क्यों नहीं?"

"डर गए थे, मॅडम."

"डरी तो मैं भी. मुझे तो यह भी पता नहीं था कि किस चीज़ से डरना है."

विनयनं मान खाली घातली. पालकसभेला मात्र तो स्वतः उभा राहिला आणि सगळं सांगितलं. दोनदा आवाज गेला, तरी सांगितलं. एका वडिलांनी आपल्या मुलीला दुसऱ्या बाकावर बसवायची मागणी केली. पण सभा संपल्यावर फाटकाशी एक बाई विनयच्या मागून धावत आली. माधवी तिचं नाव, नवरा फौजेत, साताऱ्याकडची.

"माझ्या धीरजलाही येतात फिट्स," ती मराठीत म्हणाली. "चार वर्षं झाली. सासूबाईंनासुद्धा सांगितलं नाही मी." आणि रस्त्यातच ती रडू लागली.

आता शनिवारी ती क्रांतीकडे येते. सोफ्यावर उशी आडवी टाकून दोघी सराव करतात. कुशीवर कसं वळवायचं, घड्याळ कुणी धरायचं. क्रांती शिकवते, माधवी करून बघते.

आज दुसरीची सहल पानिपतला निघाली आहे. मी ममता मॅडमच्या पर्समध्ये आहे, सोबत सूचनांचा कागद. सकाळी बसच्या खिडकीतून क्रांतीनं उत्पलाचा हात धरून ठेवला होता.

"आई, सोड ना यार, बस चालली!"

तिनं सोडला.

तुमच्या ओळखीत असं एखादं मूल असेल, तर एवढं करा: माझ्यासारखा फवारा कुठं ठेवलाय, ते विचारून ठेवा. आणि घरचे सांगायला बिचकले, तर त्यांच्यापाशी थोडं बसा.

बस हायवेला लागली आहे. उत्पला मॅडमच्या खांद्यावर झोपली आहे. आत्ताच बस खड्ड्यात जोरात आदळली, तिचं सगळं अंग हललं, आणि मॅडमचा हात झटकन पर्समध्ये येऊन माझ्याभोवती आवळला गेला. मीही श्वास रोखला.

उत्पलानं डोळे उघडले.

"मॅडम, पानिपत आ गया?"