अर्ध्या शब्दात

"आपला मानूस अर्धा शब्दमा समजस," हे हेमकांतभाऊंचं बारा महिने तेरा काळचं वाक्य. शहाद्यात त्यांचं खताचं दुकान होतं तेव्हाही हेच, आणि ते मोडून पोरापोरींचे कॉलेजप्रवेश लावून द्यायचं ऑफिस थाटलं तेव्हाही हेच. दुकानात ते खपलं. धुडकू हमालाकडे नुसतं बघितलं की तो बरोबर पोतं काढायचा. पण धुडकूचा अर्धा जन्म त्या दुकानात गेलेला! एजंट तर परवा आलेला.

एजंट म्हणजे कॉम्प्युटरवरचा एआय. त्याला काम सांगितलं की तो स्वतः प्रवेशाची साईट उघडायचा. त्यासाठी त्याला टूल दिलेली होती : एक पान वाचायचं, एक मजकूर भरायचं, एक बटण दाबायचं. कुठलं टूल काय करतं याचं वर्णन लिहून ठेवावं लागतं, कारण एजंट तेवढं वाचूनच कुठलं उचलायचं ते ठरवतो. हे लिहायचं काम ऑफिसात कामाला असलेल्या स्वप्नालीचं. बटणाच्या टूलखाली तिनं स्वच्छ लिहिलं होतं : "हे बटण खरोखर दाबतं. दाबलेलं परत फिरत नाही. प्रवेश पक्का किंवा रद्द होणार असेल तर आधी माणसाला विचारावं. नुसतं बघायचं असेल तर हे वापरू नये, पान वाचावं."

भाऊंनी ते वाचलं आणि हसले. "काय कीर्तन लावलंय गं! एवढा हुशार एआय, त्याला हे कळत नाही व्हय?" आणि तिच्यादेखत सगळं पुसून एक ओळ ठेवली : "बटण दाबून पुढे काय होतं ते दाखवतं." स्वप्नाली भांडली. भाऊ म्हणाले, "तू लहान शेस." वर चहा मागवला.

आणि आज सकाळी ब्राह्मणपुरीची गायत्री दारात उभी होती, डोळे सुजलेले.

तिला नर्सिंगला पहिल्या यादीत रत्नागिरी लागलं होतं. ते सोडून ती नंदुरबारसाठी थांबणार होती. तिची आई, शोभाबाई, लकव्यानं खाटेवर. घरात तिसरं कुणी नाही. नंदुरबार मिळालं तर संध्याकाळच्या बसनं घरी येता येणार, नाहीतर शिक्षणावर पाणी. मागच्या आठवड्यात ती इथंच येऊन एजंटला विचारून गेली होती, की रत्नागिरी पक्कं केलं तर पुढे काय होतं? नुसतं विचारलं होतं.

काल रात्री दुसरी यादी लागली, आणि तिचं नाव कुठंच नाही.

स्वप्नालीनं एजंटनं केलेल्या कामाची नोंद उघडली आणि तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. "पुढे काय होतं ते दाखवतं" असं लिहिलेलं टूल त्यानं उचललं होतं, आणि "प्रवेश पक्का करा" हे बटण दाबून मोकळा झाला होता. वर्णनात जे लिहिलेलं होतं तेच बिचाऱ्यानं मानलं. रत्नागिरी पक्कं, नंदुरबारचा हक्क गेला.

"ताई, मी काहीच दाबं नही," गायत्री म्हणाली.

"मशीनच येडं आहे," भाऊ म्हणाले. "आता कोण काय करणार?"

"मशीन?" स्वप्नाली उठून उभी राहिली. "चोर सोडून संन्याशाला फाशी देताय भाऊ! मी लिहिलेलं कुणी पुसलं? अहो, नव्या गड्याला विहिरीवर पाठवताना तरी सांगता ना, कठडा नाही म्हणून?"

"आवाज खाली कर. आणि सीट तर मिळालीच ना? रत्नागिरीला समुद्र शे. जाय ना पोरी."

"मन्ही मायले कोन उठाडी-बसाडी?" गायत्रीनं विचारलं. भाऊ मोबाईलमध्ये बघू लागले.

स्वप्नालीनं त्यांना विचारलंच नाही. प्रवेश केंद्राला फोन लावला, स्पीकरवर टाकला, आणि चूक आमच्या ऑफिसची आहे, मुलीची नाही, हे पहिल्याच वाक्यात सांगितलं. पलीकडच्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"खरं असेल तुमचं," त्या म्हणाल्या. "पण नंदुरबारची ती जागा पुढच्या मुलीला गेली. धडगावची आहे. बापाला घेऊन पहाटेच जीपनं आली, आत्ता माझ्यासमोर बसलीय. तिचं काढून घेऊन हिला देऊ का? सांगा तुम्हीच."

गायत्री पुढे झाली, फोनवर वाकली आणि शाळेत बोलावं तशा मराठीत म्हणाली, "नको मॅडम. तिचं काढू नका."

फोन बंद झाला. भाऊंनी मोठा श्वास सोडला. "चला, मिटलं एकदाचं. पोर समजदार आहे. पुढच्या वर्षी तुझं काम आपण फुकट करू."

"काय मिटलं?" स्वप्नाली ओरडली. आवाज फाटला तरी ओरडली. "तुमच्या चार ओळी वाचल्या, हिचा जन्म गेला, आणि तुम्ही म्हणता मिटलं! लाज वाटू द्या हो थोडी! आधी हात जोडा तिच्यापुढे!"

हेमकांतभाऊ खुर्चीतून अर्धवट उठले, काहीतरी बोलायला त्यांनी तोंड उघडलं. गायत्री थांबली नाही. तिनं ओढणी सारखी केली आणि पिशवी खांद्याला लावली.

"ताई, मी जास," ती म्हणाली. "मायले भाकर खावाडाना टाईम व्हई गया."