चौथा तास

भुवनाने तव्यावरची भाकरी उलटली आणि ती मधोमध फाटली. मोरीजवळच्या पाटावर बसून पावटे सोलणाऱ्या नीलांबिकेने मान वर केली नाही.

"पीठ भिजवताना पाणी गार झालेलं होतं," ती म्हणाली. "थापतानाच आवाजावरून कळलं मला."

"मग तेव्हाच सांगायचं ना, अव्वा."

"रसायनशास्त्र शिकवतेस. उकळत्या पाण्याचं मी काय सांगायचं तुला? पोरं पास होतात कशी तुझी?"

भुवना हसली. फाटलेली भाकरी तिने स्वतःच्या ताटात टाकली. एकाआड एक रविवारी ती हुबळीहून सकाळच्या बसने राणेबेन्नूरला यायची आणि चारच्या बसने परत जायची. मधल्या वेळात दोघी स्वयंपाक करायच्या, जेवायच्या, शेजारपाजारचं बोलायच्या. वडील, चन्नवीरय्या, गेल्यापासून नऊ वर्षं हा क्रम चालला होता. तो कधी कुणी ठरवला नव्हता, आणि कुणी मोडलाही नव्हता.

"तुमच्या कॉलेजात कन्नड टाइप करणारं कुणी आहे का ग?" नीलांबिकेने विचारलं.

"आहे एक मुलगी ऑफिसात. का?"

"काही नाही. थोडं आहे."

भुवनाचा हात तव्यावर थांबला. काय आहे, एवढंच विचारायचं होतं. बत्तीस वर्षांत या घरात आईच्या लिहिण्याचा विषय निघाला नव्हता, आणि आता निघाला तर आईच्या हातात पावट्याची शेंग होती आणि तव्यावरून धूर येत होता. भुवनाने भाकरी काढली. आता पेपर तपासायचे ढीग पडलेत, पुढच्या वेळी बघू, असं काहीतरी ती म्हणाली.

"पुढच्याच रविवारी येशील? मधला सोडू नकोस. मी आणून ठेवते."

कुठून आणणार, हेही भुवनाने विचारलं नाही. निघताना आईने शेंगदाण्याच्या चटणीची बाटली आणि सोललेले पावटे पिशवीत घातले, झाकण घट्ट आहे का ते दोनदा पाहिलं आणि फाटकापर्यंत आली.

बुधवारी सकाळी अंगणात सडा घालताना नीलांबिका पायरीवर टेकली, ती उठली नाही. शेजारच्यांनी बादली आडवी झाल्याचा आवाज ऐकला.

*

दिवसकार्य झालं. भाऊ महांतेश बायकोमुलांना घेऊन बेंगळुरूला परतला. घर आवरून बंद करायला भुवना मागे राहिली. नवऱ्याचा रोज फोन यायचा. कधी येतेस, या प्रश्नाला ती उद्या म्हणायची. तिने आईची लुगडी मोजून मावशीकडे दिली, डबे धुऊन उन्हात पालथे घातले. कागद मात्र तिला कुठेच सापडले नाहीत. कपाटात नाहीत, ट्रंकेत नाहीत, देवघराच्या खणात नाहीत. थोडं आहे, असं आई म्हणाली होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला फाटकाशी रिक्षा थांबली. अंगडी सर उतरले. नीलांबिका शिकवायची त्या शाळेचे ते कित्येक वर्षं मुख्याध्यापक होते. आता पंचाहत्तरीचे, पण सदऱ्याच्या खिशाला पेन तसंच. रिक्षावाल्याने मागून जुन्या चादरीत बांधलेलं एक गाठोडं आणून ओसरीवर ठेवलं.

"उशीर झाला, तंगी," धाकट्या बहिणीला हाक मारावी तसं सर म्हणाले. "अक्कोरूंनी त्या सोमवारी फोन केला होता. शनिवारपर्यंत पोचवा म्हणाल्या, रविवारी मुलगी यायची आहे. शुक्रवारी आणतो म्हणालो मी. आता काय."

गावात नीलांबिकेला सगळे अक्कोरूच म्हणत, शाळेतल्या बाईंना म्हणतात तसं.

भुवनाने चहा केला. सरांनी गाठ सोडली. आत टाचणवह्या होत्या. जाड पुठ्ठ्याच्या, शिकवायच्या धड्यांची आखणी लिहायला शाळेतून मिळणाऱ्या. वर्ष संपलं की त्या ऑफिसात जमा करायच्या आणि पुढे कधीतरी रद्दीत जायच्या. सरांनी या जाऊ दिल्या नव्हत्या. निवृत्त होताना त्या घरी नेल्या होत्या.

भुवनाने वरची वही उघडली आणि तिला ती लगेच ओळखू आली. पानाच्या समोरच्या बाजूला धड्याचं टाचण, खाली मुख्याध्यापकांची शनिवारची सही. मागची बाजू चित्रं-तक्त्यांसाठी कोरी सोडायची पद्धत. तिथे आईचं बारीक, उजवीकडे कललेलं अक्षर. या कोऱ्या बाजूंवर ती गोष्टी लिहायची. पाच छापूनही आल्या होत्या. संध्याकाळी पाचला ती स्वयंपाकघरात मोरीजवळच्या पाटावर वही मांडीवर घेऊन बसे. घरात दोन चुली पेटतात, एकीवरचं तेवढं आपल्याला वाढतात, असं चन्नवीरय्या आल्यागेल्याला सांगत. आणि दहा वर्षांची भुवना दाराच्या चौकटीला टेकून विचारत असे, अव्वा, झालं का?

एवढं वाक्य, असं आई म्हणे. ते वाक्य संपायचंच नाही.

त्या वर्षी मार्चमधल्या एका रविवारी मोगऱ्याच्या कळ्यांची वेणी घालायची ठरली होती. वर्गातल्या सगळ्या मुलींची घालून झाली होती. कळ्या मिटलेल्या असतानाच वेणीवर ओळीने शिवायच्या आणि मग जरीचं परकर-पोलकं घालून फोटो काढायला जायचं. कळ्यांचं ताट घेऊन भुवना तीन वाजल्यापासून चौकटीत बसली. आई दुपारपासूनच लिहीत होती. एवढं वाक्य. साडेपाचला पहिली कळी फुटली. मग ताटभर फुलली. फुललेला मोगरा वेणीवर शिवता येत नाही. आई दूध घ्यायला बाहेर गेली तेव्हा भुवनाने वहीतली पानं मुठीत धरून ओढली आणि न्हाणीतल्या हंड्याखालच्या जाळात सारली.

गोष्टीच्या पाठीमागे टाचण आहे, हे तिच्या लक्षात आलं नव्हतं. सोमवारी शाळेची तपासणी होती.

"आठवतं मला ते," सर म्हणाले. भुवना काही बोलली नव्हती. ते वहीकडे बघत होते. "शनिवारी मी सही केलेली. सोमवारी तपासणीस बघतात, तर त्या आठवड्याचं टाचणच नाही. मला म्हणाले, अंगडी, तुम्ही काय वाऱ्यावर सह्या करता? मी अक्कोरूंना बाजूला घेतलं. म्हटलं, बाई, मी डोळ्यांनी बघितलंय ते पान. त्या म्हणाल्या, नाही सर, मी लिहिलंच नव्हतं. तसं लेखी दिलं त्यांनी. दोन वर्षं दहावीचा वर्ग काढून घेतला होता त्यांच्याकडून."

भुवनाने कप खाली ठेवला.

"सर, ती पानं..."

सरांनी हात वर केला. वर्गात गडबड थांबवावी तसा.

"असू दे. त्यांनी मला विचारू दिलं नाही. आता मी तुला कशाला विचारू?"

त्यांनी नजर बाहेर पालथ्या घातलेल्या डब्यांकडे वळवली.

"वेळापत्रक मी लावायचो," ते म्हणाले. "कुणाला शेवटचा तास नको, कुणाला खेळाच्या तासानंतरचा नको. अक्कोरूंनी सबंध नोकरीत एकदाच मागितलं. त्या तपासणीनंतर. गुरुवारचा चौथा तास रिकामा ठेवा, आणि कुणी गैरहजर असलं तरी त्या तासाला मला वर्गावर पाठवू नका. मी म्हटलं, घरी वेळ मिळत नाही का? म्हणाल्या, घरी वेळ आहे सर, पण तो माझा नाही."

जाताना त्यांनी एका वहीचं पान उलटून दाखवलं. गोष्टीच्या कडेला पेन्सिलीचा बारीक ठिपका होता.

"समोरच्या बाजूला मुख्याध्यापकाची सही. मागच्या बाजूला सही करायचा अधिकार मला नव्हता. वाचलं, एवढी खूण. छापायला द्या म्हणून मागे लागलो, तर म्हणायच्या, अपुऱ्या आहेत. चाळीस मिनिटांच्या तासात काय पुरं होणार, सांग."

*

रिक्षा गेल्यावर भुवना वह्या घेऊन स्वयंपाकघरात आली आणि जमिनीवर बसून तिने त्या वर्षांप्रमाणे लावल्या.

हवी होती ती सहावी निघाली. आई प्रत्येक वेळी समासात वार आणि वेळ लिहायची. सोम, सायं. ५. बुध, सायं. ५. शनि, सायं. ५॥. गोष्ट तुंगभद्रेवर टोपलीची नाव चालवणाऱ्या बाईची होती. पूर आलेला, नावेत एक बाळंतीण, नाव काठ सोडते. त्यानंतर शिवणीतून वर आलेल्या तीन फाटक्या कडा होत्या.

त्या कडांच्या खोबणीत काहीतरी तपकिरी चिकटलं होतं. भुवनाने नखाने स्पर्श केला, पण काढलं नाही. मोगऱ्याचं फूल होतं. चपटं झालेलं, पण पाकळ्या वेगवेगळ्या मोजता येत होत्या. पूर्ण उमललेलं.

ही वही पुढे शाळेचं वर्ष संपेपर्यंत आईच्या हातात होती. रोज उघडली जात होती.

भुवनाने पान उलटलं. समासात लिहिलं होतं: गुरु, चौथा तास. आणि खाली, मधे काही झालंच नाही अशा अक्षरात, नाव नदीच्या मध्यावर आलेली होती.

मग तिने पुढच्या वह्या घेतल्या. गुरु, चौथा तास. गुरु, चौथा तास. मधेच वाक्य तुटायचं, आणि पुढच्या गुरुवारी तिथूनच सुरू व्हायचं. मे महिना कोरा. दिवाळीची सुट्टी कोरी. सोळा वर्षांच्या वह्यांत सायंकाळचं एकही पान नव्हतं.

सायंकाळी काय असायचं ते भुवनाला ठाऊक होतं. पानं फाडली त्याच्या पुढच्याच रविवारी आईने भर दुपारी तिला समोर बसवून कळ्या शिवल्या होत्या. त्या वेणीचा पाठमोरा फोटो, आरशात दिसणाऱ्या चेहऱ्यासह, अजून बाहेरच्या खोलीत होता. त्यानंतर रोज पाच वाजता आई फरशीवर खडूने चौकाबाऱ्याचा पट आखायची. चिंचोके भुवना टाकायची. आई फार वेळा हरायची. अप्पा म्हणायचे, एक चूल विझली वाटतं. आई म्हणायची, तुझा डाव, भुवी. आणि भुवना डाव टाकायची, वर न बघता, कारण ती चूल कुणी विझवली ते तिला माहीत होतं, आणि आपल्याखेरीज कुणालाच माहीत नाही अशी तिची समजूत होती.

शेवटच्या वहीतली शेवटची गोष्ट अर्धीच होती. तीन-साडेतीन पानं. एक बाई नोकरीचा शेवटचा दिवस संपवून घरी येते, पाटावर बसते, घरात कुणीच नाही. समोरच्या चौकटीकडे बघून ती विचार करते की आता कुणी विचारणार नाही, आणि म्हणून

तिथे वाक्य तुटलं होतं. समासात, गुरु, चौथा तास. कडेला सरांचा ठिपका.

उन्हाचा पट्टा पाटावरून सरकून मोरीपाशी गेला होता. बाहेरच्या खोलीत फोन वाजला, थांबला, पुन्हा वाजला. चारची बस कधीच गेली असणार. भुवना उठली. तिने पाट पुसला, पूर्वी असायचा तसा भिंतीशी सरळ लावला, त्यावर ती वही उघडी ठेवली आणि दाराशी येऊन चौकटीला टेकून बसली. आता ती त्या चौकटीत मावत नव्हती. गुडघे पोटाशी घ्यावे लागले.

मग घसा खाकरून, समोर माणूस असताना बोलावं तशा आवाजात ती म्हणाली,

"होऊ दे सावकाश, अव्वा. मी थांबते."