असंच कळलं

पिवळं, ज्वारीच्या दाण्याएवढं, मधोमध भोक असलेलं — यशूच्या मुठीतून ते काढायला जयमालाला तिची बोटं एकेक करून उघडावी लागली, आणि पुढचं बोट उघडेपर्यंत आधीचं पुन्हा मिटत होतं, जणू काही हा खेळच आहे आणि तो तिनंच सुरू केलाय... फेरूल. वायरच्या टोकाला घालायचं नंबराचं कडं. वरचा सात अजून स्पष्ट होता. जुन्या पर्सच्या शिवणीत अडकून बसलं असेल, पोटुशी असताना शेवटची शिफ्ट करून आली त्या दिवसापासून, आणि आता कुणाच्या तरी तोंडात जायची वेळ आल्यावर बाहेर पडलं. तिनं ते खिडकीत, पोरीचा हात पोचणार नाही असं, वर ठेवलं. यशूनं रडायचं की नाही याचा क्षणभर विचार केला आणि आईच्या गळ्यातला दोरा तोंडात घातला.

सात नंबर. सात नंबरची वायर टर्मिनलवरून निघायची, राखाडी डक्टमध्ये शिरायची, वरून झाकण बसलं की दिसेनाशी व्हायची. आत इतर वायरींच्या गर्दीत ती कुठून कशी जाते ते कुणी बघत बसत नसे. बघायचं ते एवढंच, की ती जिथं निघायला हवी तिथं निघते का. मीटरची एक सुई इकडे, एक तिकडे. बारीक टीं वाजलं की समजायचं, आहे, मधे काही तुटलेलं नाही. विजेची पॅनेल बनवणाऱ्या त्या छोट्या वर्कशॉपात जयमालाला सगळ्यात आवडायचा तो हा आवाज. टोकाला धातूचा लग दाबणं, वायर सोलणं हे हात करायचे. पण तो टीं आला की मनात कुठेतरी एखादं दार लोटल्यासारखं वाटायचं.

यशू रांगायला लागल्यावर ती परत विचारायला गेली होती. सुपरवायझर उत्तमराव चांगलं बोलले. चहा सांगितला, पोरीचं नाव विचारलं. ‘आत्ता जागा नाही. निघाली की कळवतो.’ पावसाळ्यानंतर पुन्हा गेली, तेव्हाही तेच, तेवढ्याच चांगल्या आवाजात. आणि मधल्या काळात वरच्या खोलीतली स्नेहल तिथं लागली, जिला आधी वायर कुठल्या टोकाकडून सोलायची हेही ठाऊक नव्हतं. मग स्नेहलची नणंद लागली. मग पुढच्या गल्लीतली एक. गेटवर पाटी लागली नव्हती. व्हॉट्सॲपवर काही आलं नव्हतं. ‘तुला कसं कळलं गं?’ तिनं स्नेहलला विचारलं होतं, आणि स्नेहलनं केस बांधता बांधता अगदी निर्मळपणे सांगितलं होतं — ‘कळलं असंच.’

असंच.

तिचा नवरा योगेश म्हणाला, वशिला, दुसरं काय. तिचा भाऊ म्हणाला, आपल्यांना कोण घेतंय. दोघांचंही खरं असेल. पण दोघांच्याही वाक्यानंतर पुढं काही विचारायला उरत नसे, आणि तिला तर विचारायचं होतं. विहारात एका रविवारी नगरहून प्राध्यापक आले होते. आपल्यातली किती माणसं पगाराच्या कामावर आहेत, बाकीच्या समाजातली किती, बायकांचं तर किती खाली, अशी टक्केवारी त्यांनी फळ्यावर लिहिली. सगळ्यांनी माना हलवल्या. यशू तिच्या मांडीवर झोपली होती, आणि तिच्या टाळूवरचं जावळ पंख्यानं हलताना बघत जयमालाला वाटत होतं — हा टक्का झाला कुठं पण? कुठल्या तरी घरात, कुठल्या तरी दुपारी, कुणीतरी कुणाला काहीतरी सांगितलं असेल आणि कुणाला तरी सांगायचं राहिलं असेल, त्याशिवाय फळ्यावर एवढा मोठा फरक येतो कसा... ती दुपार बघायला मिळाली पाहिजे. नुसती बघायला.

“जयूताई, विरजणाला जरा दही दे गं. आमचं मांजरानं साफ केलं.”

स्नेहल दारात वाटी घेऊन उभी. आज तिला सुट्टी.

“मांजरानं की तुझ्या नवऱ्यानं?”

“एकच ते.” ती आत आली, यशूचा गाल ओढला, यशूनं तिची बांगडी ओढली. “आणि संध्याकाळी ये ना सविताताईंकडे. हळदीकुंकू आहे. आमच्या टेबलची दीपा नाही का, तिचं लग्न ठरलंय. पुण्याला चालली. रथसप्तमी झाली की तिची खुर्ची रिकामी.”

जयमालाच्या हातातला चमचा दह्यातच राहिला. “हे कोण म्हणालं?”

“सविताताईच. काल वाटाणे सोलत बसलो होतो त्यांच्या ओट्यावर.” सविताताई म्हणजे उत्तमरावांची बायको. पुढच्या रो-हाऊसमधली.

“आणि तुझ्या वेळचं?”

“माझं तर मागच्या संक्रांतीला, त्यांच्याकडंच. तिळगूळ देता देता म्हणाल्या, येतेस का गं कामाला, हे म्हणत होते एक जण हवंय. मी म्हटलं, येते.” स्नेहलनं वाटी घेतली. “ये हां. नीट साडी नेस.”

टीं.

म्हणजे इथून शिरते ती वायर. मागच्या संक्रांतीला आपण कुठं होतो? इथंच, या भिंतीच्या अलीकडे, पोरीला पाजत. वर जिन्यावर बायकांच्या चपला वाजत होत्या आणि अत्तराचा वास खाली आला होता, आणि आपल्याला त्यात काही चुकतंय असं वाटलंही नव्हतं. त्यांनी बोलावलं नाही, कारण आपण कुंकू लावत नाही हे त्यांना माहीत असेल; आपण गेलो नाही, कारण बोलावलं नाही... का बोलावलं असतं तरी गेलो नसतो? दोन्ही बाजूंनी दार लोटलेलं, कडी कुणीच घातलेली नाही. तिला हसूच आलं. इतकी साधी गोष्ट, आणि आपण वर्षभर झाकणावरून बोट फिरवत होतो.

उन्हात सुपात तूर घेऊन बसलेल्या सासूला तिनं सांगितलं. मुक्ताबाई शेवगावकडच्या गावाहून नातीसाठी येऊन राहिल्या होत्या. त्या चिडतील, अशी तिची अटकळ.

“जायचं तर जा की.”

“कुंकू लावतील, आत्या.”

“लावतील. हळदीकुंकवाला बोलवून काय बुक्का लावत्यात व्हय?” मुक्ताबाईंनी एक खडा फेकला. त्यांच्या कपाळावर भुवयांमधे गोंदलेला हिरवा ठिपका होता. “ह्यो माझ्या आयनं गोंदला, त्यो काय पुसत न्हाई. पन त्यानंतर कुनाच्या हातचं मी लावून न्हाई घेतलं. त्ये येगळं, ह्ये येगळं.”

“वेगळं कसं?”

“त्ये तू बघ. लई शिकलीस तू.”

यशू सुपाकडे निघाली होती. जयमालानं तिला झग्याला धरून मागं ओढलं. “तुम्हाला खुरपणीचं काम निघालं की कसं कळायचं हो?”

“देवळाच्या पाराव ठरायचं सांजच्याला. बागायतदारीण तितं यायची, बाया बसल्याल्या आसायच्या, हासत-खिदळत ठरायचं, उद्या तू ये, तू ये. आमी कुठं पारावर बसतो? आमच्या आळीत सांगावा यायचा तवर टोळी भरल्याली. उरली एखादी जागा तर आमची.”

“राग यायचा?”

“कुनाचा? ती काय आमाला न्हाई म्हनली न्हवती कंदी.” सूप पाखडताना त्या थांबल्या. “तिच्या ध्यानातच यायचं न्हाई आमी.”

दुपारभर ते वाक्य तिच्याबरोबर राहिलं. कपडे पिळताना, यशूला वरणभात भरवताना, तिच्या हनुवटीवरचं वरण बोटानं पुसताना. ध्यानातच यायचं नाही. टिकलीचं तिला काही नव्हतं. आयटीआयला असताना मैत्रिणींबरोबर तिनं लावल्याही होत्या, चमकीच्या. पण वाकून, पदर सावरून, दुसऱ्याच्या बोटानं... बावीस प्रतिज्ञा म्हणताना आईचा आवाज कसा व्हायचा, स्वयंपाकघरातल्या आवाजासारखा नाही, शाळेतल्या हजेरीसारखा... एवढ्याशा लाल ठिपक्यानं त्यातलं काय बिघडतं? काहीच नाही. मग का अडतंय? ते तरी बघू. मी काय करीन, मला खरंच माहीत नाही, आणि स्वतःबद्दल असं काही माहीत नसणं किती दिवसांनी... हे बाळंतपणाआधीचं काहीतरी परत आल्यासारखं वाटतंय, भूक लागल्यासारखं.

संध्याकाळी ती निळी साडी नेसून, यशूला कडेवर घेऊन स्नेहलबरोबर गेली.

सविताताईंचा हॉल बायकांनी भरलेला. कुणी सोफ्यावर, कुणी सतरंजीवर. यशू लगेच चार मांड्यांवरून फिरून आली. कुणीतरी तिच्या हातात हलव्याचा दाणा ठेवला, कुणी म्हणालं, डोळे बघा कसे टपोरे, काजळ घालत नाहीस का गं. जयमाला भिंतीला टेकून ऐकत होती. तिला वाटलं होतं इथं काहीतरी कुजबुजत चालत असेल. तसं काही नव्हतं. अंगणवाडीची मदतनीस निवृत्त होतेय हे भोगीच्या भाजीच्या मधेच निघालं. कुणाच्या दिराच्या कंपनीत पॅकिंगला बायका हव्यात हे ब्लाऊजच्या शिलाईला चिकटून आलं. “तुझी धाकटी घरीच आहे ना, मग पाठव की तिला,” आणि लगेच, “साखर कमी आहे का गं चहात?” कुणी कुणाला अडवत नव्हतं. कुणी कुणाला मुद्दाम पुढं करत होतं असंही नाही. समोर जी दिसेल तिचं भलं व्हावं, असं सगळ्यांना मनापासून वाटत होतं — आणि जयमालाला जाणवलं की ज्याच्यावर चिडायचं ते इथं कुठं बसलेलंच नाही. एवढ्या मायेच्या खोलीत... आणि तरी फळ्यावरचा तो फरक इथंच होतोय, माझ्यासमोर, बशीतल्या फुटाण्यांसारखा हातोहात.

सविताताई करंडा घेऊन एकेकीसमोर येत होत्या. गोऱ्या, दमलेल्या, हसऱ्या. मागून त्यांची जाऊ वाण वाटत होती, चहाच्या गाळण्या. शेजारच्या आजींना झालं. बोट कुंकवात बुडालं आणि तिच्याकडे वळलं.

“कुंकू नको, ताई. तिळगूळ द्या.”

आपलाच आवाज तिला इतका साधा वाटला की आश्चर्य वाटलं. बोट हवेत राहिलं.

“का गं, अडचण आहे का?” आजींनी हळूच विचारलं. बायकांच्या त्या चार दिवसांना इकडे असंच म्हणतात.

“असेल अडचण,” स्नेहल घाईनं म्हणाली.

किती चांगली पळवाट. कुणाचंच काही मोडत नव्हतं. नुसती मान हलवायची आणि खुर्ची जवळ आली असती... आणि पुढच्या संक्रांतीला? दर संक्रांतीला अडचण?

“नाही, अडचण नाही काही. आम्ही लावत नाही.”

ते ‘आम्ही’ खोलीभर गेलं आणि सावकाश खाली बसलं. एकीनं पदर सारखा केला. सविताताईंचं बोट करंड्याच्या कडेला पुसलं गेलं. “बरं. त्यात काय,” त्या म्हणाल्या, आणि ते खोटं वाटलं नाही. “घे तिळगूळ. गोड बोल.”

मग बोलू का गोडच? “ताई, मी वायरिंग करते. तुमच्या साहेबांकडेच होते आधी. दीपाची जागा रिकामी होतेय असं कळलं. मला यायचंय.”

या वेळची शांतता वेगळी होती. मघाची कुंकवाची होती, ही... ही जणू कुणी जेवणाच्या पंगतीत उभं राहून भात मागितल्यासारखी. सविताताईंनी स्नेहलकडे पाहिलं.

“बघू. ह्यांच्या कानावर घालते,” त्या म्हणाल्या, आणि गाळणी स्वतःच तिच्या हातात देऊन पुढच्या बाईकडे वळल्या.

परत येताना स्नेहल निम्म्या गल्लीपर्यंत भराभर पुढं चालत राहिली. मग म्हणाली, “असं सगळ्यांसमोर मागतं का कोणी?”

“मग कसं?”

“मागायचं नसतंच. त्याच म्हणाल्या असत्या. किंवा मी निघताना हळूच घातलं असतं मधे. आता त्यांना वाटणार, मी बाहेर फोडलं.”

“बाहेर म्हणजे?”

“अगं, बाहेर म्हणजे...” स्नेहल थांबली. रस्त्यावरून कारखान्याची बस गेली, तिचा उजेड दोघींच्या अंगावरून सरकला. “मला तसं म्हणायचं नव्हतं, जयूताई.”

“माहितीय गं.”

आणि खरंच माहीत होतं. स्नेहल जिना चढून गेली. जयमाला दाराबाहेरच थांबली. यशू खांद्यावर जड होत चालली होती, तोंडातून तिळाची लाळ निळ्या पदरावर पडत होती. काम गेलं का? गेलं असेल तर कशानं — न लावलेल्या कुंकवानं, की मागून घेतल्यानं? कुठं तुटलंय ते मीटर सांगत नाही, नुसता गप्प बसतो. आणि गेलं नसेल तर?

आता पुढच्या घरात सतरंजी झटकली जात असेल. उत्तमराव हात धुऊन ताटावर बसतील, भाकरी मोडतील, आणि सविताताई वाढता वाढता म्हणतील, आज ना, ती आली होती... ती कोण? ते विचारतील, कोण गं? तिथं त्या एक क्षण थांबतील, भाजीचा डाव हातात धरून. ती पोरीची आई. ती वायरिंगवाली, आधी तुमच्याकडे होती ती. ती कुंकू लावत नाहीत, त्यांच्यातली. ती फटकळ. सगळं खरंच होतं. फक्त कुठला शब्द आधी येईल ते जयमालाला ओळखता येत नव्हतं, आणि ती तिथं उभी राहून, पोरीची गरम मान गालाला लागलेली असताना, ते वाक्य पुन्हा पुन्हा वेगवेगळ्या शब्दानं सुरू करून बघत होती. उत्तमरावांना तिचा चेहरा आठवायला किती वेळ लागतोय, हात कधी आठवतात ते ऐकत होती... आज त्या ताटापाशी आपलं बोलणं निघणार, एवढं मात्र नक्की होतं. वर्षभरात पहिल्यांदाच. काय निघेल याची भीती वाटायला हवी होती. ती भीती येईल म्हणून जयमालानं थोडी वाट पाहिली.