दुसऱ्याच्या डोळ्याला लावलेली दुर्बीण

मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, माझ्या काचेत काही खोट नाही. चरा नाही, बुरशी नाही, आत वाफ धरलेली नाही. तरी दोन महिने झाले, मी काचीगुड्याच्या एका सरकारी कचेरीत माळ्यावरच्या खोक्यात तुटक्या जाळ्या आणि फुटके कंदील यांच्या पंगतीला बसले आहे. माझ्या गळ्यात चिठ्ठी बांधली आहे, 'सदोष'. ही चिठ्ठी कुणी लिहिली ते ऐका. रडगाणं वाटलं तर वाटू दे, मला आता कुणाची भीड राहिलेली नाही.

मी बंदुकीवरची दुर्बीण. घाबरू नका, माणसं मारायची बंदूक नव्हे. बिथरलेल्या जनावराला लांबून भुलीची सुई मारतात, त्या बंदुकीवरची. डोंगरातल्या एका कारखान्यात माझी भिंगं घासली, तपासली, आणि मी जनावरं धरणाऱ्या या सरकारी पथकात रुजू झाले. पथकाचे प्रमुख डॉ. दिगंबर उमरीकर. घराण्यात निजामाच्या काळापासून सरकारी नोकरी, त्यामुळे शिस्त अंगात मुरलेली. मला पहिल्यांदा लावलं ते त्यांनीच, आणि काय सुरेख लावलं!

ते लावणं कसं असतं ते कळल्याशिवाय पुढचं कळायचं नाही, म्हणून सांगते. माझ्या अंगावर दोन रिंगा आहेत. बाजूची फिरवली की समोरचं जनावर स्पष्ट होतं. डोळ्याजवळची फिरवली की माझ्या आतली बारीक तारांची फुली स्पष्ट होते. ही डोळ्याजवळची रिंग ज्याने त्याने आपापल्या डोळ्याप्रमाणे लावायची असते. मोकळ्या आभाळाकडे धरायचं, पटकन बघायचं, नजर काढायची, जराशी फिरवायची, पुन्हा बघायचं. टक लावून बसायचं नाही, कारण डोळा मोठा लबाड, धूसर फुलीलाही तो सांभाळून घेतो. फुली धूसर ठेवून नुसतं जनावर स्पष्ट केलं, तर मान केसभर हलली तरी फुली जनावरावरून सरकते आणि नेम गेला. पाच मिनिटांचं काम आहे हो सगळं.

सरांनी रिंग आपल्या डोळ्याला लावली आणि घरातली लाल नेलपॉलिश आणून तिच्यावर एक ठिपका दिला. का, तर घाईच्या वेळी शोधाशोध नको. पहिल्या वर्षभरात सरांचे सगळे नेम बसले. मग काय विचारता! ठिपक्याला 'सरांची खूण' असं नाव पडलं. खंडेनवमीला आमची पूजा व्हायची, बंदूक, जाळी, जीप आणि मी, तेव्हा कुंकवाचं बोट नेमकं त्या ठिपक्यावर टेकवायचे. नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगायचे, "सगळं हाताळा, पण ती रिंग हलवायची नाही." पंधरा वर्षं कुणी हलवली नाही. सरांना चष्मा लागला, दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू निघाले, बंदूक त्यांच्या हातून केव्हाच सुटली, पण ठिपका जागच्या जागी. मला बाई हसावं की रडावं कळेना.

गेल्या जूनमध्ये बंदूक डॉ. पल्लवीकडे आली. विद्यानगरची मुलगी, हुशार, हात दगडासारखा स्थिर. पहिल्याच दिवशी तिने माझ्यातून पाहिलं आणि कपाळाला आठी घातली. फुली जाड, पसरलेली. तिचा हात रिंगेकडे गेला, तिने लाल ठिपका पाहिला आणि हात मागे घेतला. मग डोळे बारीक करून बघायची सवय लावून घेतली. खंडेनवमीला याच पोरीने त्या ठिपक्याला कुंकू लावलं आणि वाकून नमस्कार केला. मला ओरडता आलं असतं तर मी तेव्हाच ओरडले असते.

दिवाळीनंतर आमच्याकडे यादव मंडळी रेडे सजवून मिरवतात, त्या सणाला सदर म्हणतात. त्याच्या आदल्या दुपारी शिवराज यादवचा रेडा दिलदार बिथरला. तेल पाजलेलं काळंभोर अंग, शिंगांना मोरपिसं, गळ्यात घुंगरू. त्याला शिवराजने बाटलीने दूध पाजून वाढवलेलं. कुणीतरी पायाशी फटाक्यांची लड लावली आणि तो दावं तोडून सुटला. विद्यानगरला रेल्वेच्या रुळांलगत एक मोकळा प्लॉट आहे, तिथे जाऊन उभा राहिला. भिंतीला मागे भगदाड आणि भगदाडापलीकडे रूळ.

आम्ही पोचलो तेव्हा शिवराज हात जोडून उभा होता. "मेडम, मेरे बच्चे को कुछ होना नै."

"कुछ नै होता," पल्लवी म्हणाली. तिला तसं खरंच वाटत होतं.

चाळीस पावलांवरून मांडीत सुई बसली की दहा मिनिटांत तो खाली बसला असता. दुसरी संधी मिळणार नव्हती, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तिने बंदूक खांद्याला लावली, डोळा टेकवला, पुन्हा काढला.

"सर, फुली डबल दिसायली. डोळ्याजवळची रिंग थोडी फिरवू?"

मागे उभे असलेले उमरीकर सर म्हणाले, "पंधरा वर्षं त्या खुणेवर एक नेम चुकला नाही. बाजूची फिरव."

"पण सर..."

"पल्लवी, लोक बघायलेत."

तिने बाजूची फिरवली. दिलदार स्पष्ट झाला, अगदी कातडीवरची माशी दिसली. फुली तशीच, पुसट आणि सरकती. तिने श्वास रोखला आणि घोडा दाबला. सुई त्याच्या पाठीवरून गेली आणि पलीकडच्या दुकानाच्या पत्र्याच्या शटरवर खण्णकन आपटली.

त्या आवाजाने तो उधळला आणि भगदाडातून पलीकडे गेला. मालगाडी येत होती. मला पुढचं सांगवत नाही. घुंगरांचा आवाज थांबला आणि शिवराजचा सुरू झाला, एवढंच सांगते.

चौकशी लागली. सर मार्चमध्ये निवृत्त व्हायचे होते, निरोपाचा समारंभ ठरला होता. त्यांनी अहवालात लिहिलं, 'दुर्बीण सदोष असल्याने प्रतिमा स्पष्ट येत नव्हती.' कागद पल्लवीपुढे सरकवला. म्हणाले, "तुझ्याच भल्यासाठी, बेटा." तिने सही केली. वा रे भलं! दोन माणसांची अब्रू राखायला एक मुकी काच बरी सापडली.

मला माळ्यावर टाकायचं होतं त्या दिवशी पल्लवी एकटीच होती. तिने मला बंदुकीवरून उतरवलं आणि खिडकीतून आभाळाकडे धरलं. मग नखाने तो लाल ठिपका खरवडला आणि रिंग फिरवली. पटकन बघितलं, नजर काढली, पुन्हा फिरवली. अर्धा फेरा, बस. फुली उमटली, टाचणीने कोरल्यासारखी. तिच्या तोंडून फक्त "अय्यो" एवढंच निघालं. तिच्या डोळ्याला मी पहिल्यांदाच ठीक लागले होते.

तेवढ्यात दारात शिवराज आला. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. दिलदारच्या मृत्यूचा दाखला न्यायला आला होता. तिच्या हातातल्या माझ्याकडे बघून त्याने विचारलं, "मेडम, सच्ची बोलो. दुर्बीन खराब थी क्या?"

पल्लवीचा डोळा पाणावलेला होता. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

"हौ," ती म्हणाली. "खराब थी."

"वहीच बोला मैं घर में," शिवराज म्हणाला. "मेडम की गलती नै बोला." त्याने तिला नमस्कार केला, दाखला घेतला आणि गेला. मग तिने माझ्या गळ्यात चिठ्ठी बांधली.

मित्रांनो, काचेला मऊ फडकं लावा, बोटं लावू नका, झाकण घालून ठेवा, हे तुम्हाला कुणीही सांगेल. मी वेगळं सांगते. मोठ्यांचा मान राखा, वाकून पाया पडा, पण डोळा तुमचा असेल तर रिंगही तुम्हीच फिरवा. कुणी चारचौघांत ओरडलं तर ओरडू दे. ओरडा खाऊन पल्लवी मेली नसती. दिलदार मेला.